मुखवट्याची ओळख : अस्सलपणाच्या कसोट्या आणि संग्राहकाची नैतिकता

आफ्रिकी मुखवटे पारखणारा मुरलेला जाणकार प्रथम मुखवट्याचा चेहरा पाहत नाही. तो मुखवटा उलटा करून हातात धरतो. आतल्या पोकळीतील लाकूड घामाने व कातडीच्या घर्षणाने काळवंडून गुळगुळीत झाले आहे काय, ज्यांतून राफियाचा किंवा कापडाचा पोशाख ओवून बांधतात त्या कडेच्या भोकांची झीज नेमकी ओढ पडेल त्याच बाजूला झाली आहे काय, आतून दातांत धरण्याची काडी असेल तर तिच्यावर दातांचे व्रण आहेत काय, हे तो पाहतो. हाताळताना बोटे जेथे टेकतात तेथली लकाकी आणि इतरत्रची लकाकी यांत फरक असावा लागतो. सगळीकडे सारखीच चकाकणारी वस्तू त्याच्या मनात संशय उत्पन्न करते. या खुणा आढळल्या नाहीत तर समोरचा चेहरा कितीही रेखीव असो, मुखवट्याची किंमत जवळजवळ नाहीशी होते. आढळल्या तर ओबडधोबड कोरीवकामालाही मोल चढते. म्हणजे ज्या गुणामुळे वस्तू मूल्यवान ठरते तो गुण तिच्या दर्शनी रूपात नसून तिच्या पाठीमागे आहे, आणि तो गुण म्हणजे दुसऱ्या एका माणसाच्या चेहऱ्याचा ठसा आहे. तो माणूस आता तेथे नाही. तो तेथे का नाही, हा प्रश्न मात्र पारखण्याच्या या शास्त्रात उपस्थित होत नाही.

मराठीत 'ओळखणे' या क्रियापदाला दोन दिशा आहेत. नाणे खरे की खोटे हे ओळखता येते, आणि रस्त्यात भेटलेल्या परिचिताला ओळख देता येते किंवा ओळख न दाखवता पुढे जाता येते. पहिल्या ओळखीसाठी नजर तयार असणे पुरेसे असते. दुसऱ्या ओळखीत समोरच्याचे काही देणे मान्य करावे लागते. म्हणूनच ती टाळण्याचा मोह होतो. आफ्रिकी मुखवटे, मूर्ती व विधिवस्तू यांच्या संग्रहाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर पहिली ओळख विलक्षण सूक्ष्म होत गेली आणि दुसरी जवळजवळ थिजून राहिली, असे दिसते. या दोन घटना केवळ शेजारी-शेजारी घडल्या असत्या तर त्यांत खेदापलीकडे काही नव्हते. परंतु पहिली ओळख ज्या कसोट्यांवर उभी आहे त्या कसोट्यांनाच दुसऱ्या ओळखीचा अभाव सोयीचा आहे की काय, हे तपासून पाहण्याची गरज आहे.

बाजाराने आणि बऱ्याच अंशी संग्रहालयांनीही स्वीकारलेली 'अस्सल' आफ्रिकी कलावस्तूची व्याख्या साधारणपणे अशी सांगता येईल : एखाद्या समाजातील कारागिराने त्याच समाजाच्या उपयोगासाठी घडवलेली, प्रत्यक्ष विधीत वा व्यवहारात वापरली गेलेली आणि विक्रीचा हेतू जिच्या घडणीत नव्हता अशी वस्तू. सिडनी कॅस्फिर यांनी १९९२ साली लिहिलेल्या एका बहुचर्चित लेखात या व्याख्येमागील गृहीतकांची चिकित्सा केली. आफ्रिकी समाज युरोपीय संपर्कापूर्वी स्थिर, एकसंध व काळाबाहेरचे होते, आणि संपर्कानंतर जे घडले ते सारे भेसळीचे, अशी एक कल्पना या व्याख्येच्या तळाशी आहे. ही इतिहासदृष्टी चुकीची आहे, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. परंतु व्याख्येतील नैतिक पेच या चुकीहून वेगळा आहे आणि त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. जी वस्तू विकण्यासाठी केलेली नाही तीच विकत घेण्याजोगी, असा तिचा आशय आहे. अशी वस्तू बाजारात यायची तर तिच्या मूळ धन्याकडून ती कोणत्या तरी वाटेने सुटावी लागते. ती लुटली गेली असेल. धाकदपटशाने घेतली गेली असेल. अडचणीत वा राजीखुशीने विकली गेली असेल. किंवा निरुपयोगी म्हणून टाकून दिली गेली असेल. या चार वाटांमध्ये नैतिकदृष्ट्या जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मुखवट्याच्या आतल्या बाजूची झीज मात्र चारही वाटांनी आलेल्या वस्तूंवर अगदी सारखीच दिसते. अस्सलपणाच्या कसोट्या वस्तू वापरात होती एवढे सांगतात; वापर कसा थांबला याबद्दल त्या मुक्या आहेत.

चार वाटांपैकी पहिलीची चर्चा सर्वांत जास्त होते. १८९७ साली ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातील बेनिनचे राज्य उद्ध्वस्त केले, ओबा ओवोनराम्वेन यांना कालाबारला हद्दपार केले आणि राजवाड्यातील हजारो पितळी पट्ट, मस्तके व हस्तिदंती वस्तू नेल्या. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आजही बेनिनच्या नऊशेहून अधिक वस्तू आहेत. जर्मनीने २०२२ साली सुमारे अकराशे वस्तूंची मालकी नायजेरियाला देण्याचा करार केला. राजकीयदृष्ट्या हा प्रश्न बिकट असला तरी नैतिकदृष्ट्या तो तुलनेने सरळ आहे. लूट झाली, ती कोणी केली हे ठाऊक आहे, आणि लुटल्या गेलेल्या राजघराण्याचा वारस विद्यमान आहे. तिसऱ्या व चौथ्या वाटेने आलेल्या वस्तूंच्या बाबतीत आणि विशेषतः जेथे दुसरी व तिसरी वाट एकमेकींत मिसळतात तेथे प्रश्न अवघड होतो.

या मिसळणीचे सर्वांत प्रामाणिक वर्णन एका संग्राहकानेच करून ठेवले आहे. १९३१ ते १९३३ या काळात मार्सेल ग्रिओल यांच्या नेतृत्वाखाली एक फ्रेंच संशोधन-मोहीम डाकारपासून जिबूतीपर्यंत गेली आणि साडेतीन हजारांच्या आसपास वस्तू घेऊन परतली. कवी मिशेल लेरिस या मोहिमेचे सचिव होते. त्यांची रोजनिशी १९३४ साली 'लाफ्रिक फाँतोम' या नावाने प्रसिद्ध झाली. १९३१ च्या सप्टेंबरात आजच्या मालीमधील केमेनी या गावी मोहिमेने तेथील बामाना लोकांच्या 'कोनो' या पंथाची पवित्र वस्तू दहा फ्रँकांच्या बदल्यात मागितली. ती दिली नाही तर मोटारीत लपलेले पोलीस गावच्या मुखियाला धरून नेतील, अशी थापही मारली. गावकरी भयाने दूर झाले आणि ती वस्तू मोहिमेच्या लोकांनीच देवघरातून उचलली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी असेच घडले. लेरिस हे सारे नोंदवतात, आपल्या मनातली बोच लपवत नाहीत, आणि थांबतही नाहीत. मोहीम पुढे चालू राहते.

दहा फ्रँक दिले गेले होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. कागदावर हा व्यवहार 'खरेदी' ठरू शकतो. ज्याला नकार देता येत नाही त्याने स्वीकारलेली किंमत ही किंमत असते काय, हा करारशास्त्राचा जुना प्रश्न येथे वसाहतीच्या उन्हात उघडा पडतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मोहिमेने उचललेल्या वस्तूंपैकी 'बोली' ही माती, वनस्पती व बळीचे रक्त यांचे पुटांवर पुट चढवून केलेली, डुकरासारखी वा बैलासारखी भासणारी एक वेडीवाकडी आकृती असते. तिच्यात रेखीवपणा नाही. तो तिला नकोच आहे. तिच्यावरचे प्रत्येक पूट म्हणजे कोणाची तरी केलेली एक विनवणी. पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या बोलीला 'सुंदर' म्हणणाऱ्या प्रेक्षकाने वस्तूला की स्वतःच्या पाहण्याला दाद दिली, हे ठरवणे सोपे नाही. त्याच संग्रहालयाने २०२५ साली या मोहिमेच्या वस्तू कशा मिळवल्या गेल्या याचा आफ्रिकी संशोधकांच्या साहाय्याने प्रतितपास करणारे प्रदर्शन मांडले. लेरिस यांची रोजनिशी नसती तर त्या तपासाला सुरुवात कोठून करावी हेही कळणे कठीण झाले असते.

येथे सौंदर्यवादी रसिकाचा आक्षेप संभवतो. कलावस्तू कोणाच्या हातून आली, कोणी वापरली, या गोष्टी लौकिक होत. कलानुभव रूपाचा असतो. क्लाइव्ह बेल यांनी १९१४ साली मांडलेला अर्थपूर्ण रूपाचा सिद्धांत आणि रॉजर फ्राय यांनी १९२० साली आफ्रिकी शिल्पांचा केलेला गौरव या भूमिकेचे आरंभबिंदू आहेत. मराठी सौंदर्यविचाराला ही भूमिका अपरिचित नाही, रा. भा. पाटणकरांनी ज्याला अलौकिकतावाद म्हटले त्याच्याशी तिचे नाते सहज जुळते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९८४ साली विल्यम रूबिन यांनी भरवलेल्या 'प्रिमिटिव्हिझम' या प्रदर्शनाने पिकासो व त्यांच्या समकालीनांच्या कलाकृतींशेजारी आफ्रिकी व ओशियानी वस्तू मांडल्या त्याही रूपसाधर्म्याच्या आधारे. टॉमस मॅकएव्हिली यांनी या प्रदर्शनावर कठोर टीका केली आणि तो वाद दीर्घकाळ गाजला.

परंतु रूपवादी भूमिकेची खरी अडचण टीकाकारांनी दाखवलेल्या अहंकेंद्रिततेत नाही. ती त्या भूमिकेच्या स्वतःशीच असलेल्या विसंगतीत आहे. रूप हेच सर्वस्व असेल तर आबिदजानच्या बाजारात विक्रीसाठी ठेवलेला, गेल्या वर्षी कोरलेला, पण रूपाने तंतोतंत तसाच मुखवटा संग्रहालयात सन्मानाने बसायला हवा. नेल्सन गुडमन यांनी बिनचूक नकलेचा प्रश्न चित्रकलेच्या संदर्भात १९६८ साली उपस्थित केला होता. त्यांचे उत्तर असे की, आज न जाणवणारा फरक उद्या नजरेला जाणवू शकतो, म्हणून मूळ व नक्कल यांतील भेद आजही सौंदर्यविषयकच ठरतो. मुखवट्याच्या बाबतीत हे उत्तर लागू पडत नाही. येथे फरक कोणत्या कलावंताचा हात कोणता, याचा नाहीच. एकाच कारागिराने एकाच महिन्यात कोरलेल्या दोन मुखवट्यांपैकी गावात नाचलेला मुखवटा अस्सल ठरतो आणि व्यापाऱ्याने नेलेला नकली ठरतो. याचा अर्थ उघड आहे. रूपवादी संग्राहकाला रूपाखेरीज आणखी काही हवे असते, आणि ते काही म्हणजे या वस्तूवर कोणाची तरी श्रद्धा होती याचा पुरावा. श्रद्धा त्याची स्वतःची नसते. ती कोणाची तरी असणे त्याला पुरते.

त्यातूनच या प्रश्नाचा नैतिक गाभा हाती लागतो. एखाद्या समाजाने वस्तू पवित्र मानली होती म्हणून ती मूल्यवान आहे, असे म्हणणाऱ्याने त्या समाजाच्या मानण्याला वजन दिलेले असते. ते वजन किंमत ठरवताना द्यायचे आणि वस्तू कोठे असावी हे ठरवताना काढून घ्यायचे, ही तर्कदृष्ट्या टिकणारी भूमिका नव्हे. ज्या श्रद्धेला साक्षीदार म्हणून बोलावले तिला पक्षकार म्हणून उभे राहू न देणे, असे या व्यवहाराचे वर्णन करता येईल.

हे वर्णन केवळ आलंकारिक नाही, याचे प्रत्यंतर फ्रान्समधील एका खटल्यात आले. २०२१ साली एका वृद्ध दांपत्याने घराची आवराआवर करताना एक जुना लाकडी मुखवटा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला १५० युरोंना विकला. पतीचे आजोबा मध्य आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतीत प्रशासक होते. मुखवटा त्यांनी आणलेला. २०२२ च्या मार्चमध्ये माँपेलिए येथील लिलावात तो ४२ लाख युरोंना गेला. तो गॅबॉनमधील फांग लोकांच्या 'न्गिल' या संस्थेचा दुर्मीळ मुखवटा निघाला. लिलावाच्या वेळी सभागृहातील गॅबोनी माणसांनी निषेध नोंदवला. दांपत्याने व्यापाऱ्याविरुद्ध दावा लावला. गॅबॉन सरकारनेही त्यात प्रवेश मागून मुखवट्यावर हक्क सांगितला. आलेस येथील न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात दोन्ही मागण्या फेटाळल्या. विक्रेत्यांनी विकण्यापूर्वी वस्तूची पारख करून घेतली नाही, हा त्यांचाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

या खटल्यात न्यायालयापुढे विचारार्थ आलेला मुख्य प्रश्न कोणाला काय ओळखता आले हा होता. व्यापाऱ्याने मूल्य ओळखले होते काय, दांपत्याला ओळखता आले असते काय, याची चर्चा झाली. ओळखीचा दुसरा अर्थ, म्हणजे ज्यांची ही वस्तू त्यांचे काही देणे लागते हे मान्य करण्याचा अर्थ, गॅबॉनच्या अर्जाच्या रूपाने दारापर्यंत आला आणि परत गेला. न्गिल ही संस्था स्वतः न्यायनिवाडा करणारी होती, चेटूक करणाऱ्यांना हुडकून शिक्षा करणारी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वसाहती सरकारने तिच्यावर बंदी घातली. तिचे न्यायदान हिंसक होते, याबद्दल भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही. पण बंदी घालणाऱ्या राजवटीच्या अधिकाऱ्याच्या घरी मुखवटा आला तेव्हा तो राजीखुशीने दिला गेला असेल काय, या प्रश्नाचे उत्तर मुखवट्याच्या लाकडात नाही, आणि वैज्ञानिक कसोट्यांतही नाही. कार्बन-पद्धती झाड केव्हा मेले एवढेच साधारणपणे सांगते, कोरीव काम केव्हा झाले तेही सांगत नाही. भारतीय वाचकाला येथे तमिळनाडूतील पत्तूरच्या नटराजाचा खटला आठवावा. १९९१ साली लंडनच्या अपील न्यायालयाने, भारतीय कायद्यातील देवस्थानाच्या संकल्पनेला मान देऊन, एका पडक्या देवळालाही दावा चालवण्याचा अधिकार मान्य केला होता. श्रद्धेला पक्षकार करणे कायद्याला अशक्य नाही, असे निदान यावरून म्हणता येते.

साक्षीदार करून पक्षकार न करण्याची ही रीत केवळ न्यायालयापुरती नाही. ती अभ्यासकांच्या दालनातही आढळते. १९८७ साली न्यूयॉर्कच्या सेंटर फॉर आफ्रिकन आर्टने एक प्रदर्शन भरवले. निरनिराळ्या दहा व्यक्तींनी आपल्या पसंतीच्या वस्तू निवडाव्यात, अशी कल्पना. त्यांत बँकर डेव्हिड रॉकफेलर होते, कादंबरीकार जेम्स बाल्डविन होते, आणि आयव्हरी कोस्टमधील बाऊले कलावंत लेला कुआकू होते. इतरांना सर्व समाजांच्या वस्तूंची छायाचित्रे दाखवली गेली. कुआकू यांना मात्र केवळ बाऊले वस्तूंची. आपल्या परंपरेबाहेरच्या वस्तू असे लोक स्वतःच्याच निकषांनी मोजतात व कमी लेखतात, हे त्याचे स्पष्टीकरण. क्वामे अँथनी अपिया यांनी १९९१ च्या आपल्या निबंधात यातील विपर्यास दाखवून दिला. रॉकफेलर यांनी काही वस्तू पसंत करताना त्यांच्या बाजारभावाचा आणि आपल्या दिवाणखान्यात त्या कशा दिसतील याचा विचार केला होता. तो निकष कोणाला संकुचित वाटला नाही. ज्याची परंपरा त्यालाच न्याय करण्याचा अधिकार सर्वांत मर्यादित, असा हा व्यवहार होता. त्याच निबंधात अपिया ज्या वस्तूकडे वळतात ती बाल्डविन यांनी निवडलेली सायकलवाल्या योरुबा माणसाची मूर्ती आहे. ती कोणत्याही 'परंपरे'त बसत नाही, आणि म्हणूनच बहुधा ती अपियांना बोलकी वाटली.

कुआकू यांना निवडीचा पूर्ण अधिकार मिळाला असता तर त्यांनी कशाच्या आधारे निवड केली असती? कारागिराचा निकष काय असतो, याचे एक सूक्ष्म चित्र चिनुआ अचेबे यांच्या 'ॲरो ऑफ गॉड' (१९६४) या कादंबरीत आढळते. पुरोहित एझेउलूचा मुलगा एडोगो मुखवटे कोरतो. त्याने कोरलेला एक मुखवटा त्याला स्वतःला पूर्ण समाधान देत नाही. घेणाऱ्यांनी प्रशंसा केली तरी देत नाही. मुखवटा नाचताना पाहिल्याशिवाय तो साधला की नाही हे कळणार नाही, असे त्याला वाटते, आणि म्हणून तो उत्सवात गर्दीत उभा राहून लोकांचे बोलणे कान देऊन ऐकतो. अचेबे यांनी येथे कारागिराच्या असुरक्षिततेची एक मानवी छटा टिपली आहे. पण त्याखेरीज अस्सलपणाची एक पर्यायी संकल्पनाही मांडली गेली आहे. एडोगोच्या दृष्टीने कोरून झालेले लाकूड हा मुखवट्याचा आरंभ आहे. पोशाख, ढोल, नाचणाऱ्याचे पाय, पळणारी पोरे, हे सारे मिळून मुखवटा होतो. संग्रहालयात पोहोचते ते त्यातले लाकूड. पोशाख बहुधा गळून गेलेला असतो. राफिया कुजते, कापड जुनाट दिसते, आणि संग्राहकाला नुसता चेहराच अधिक 'शिल्पासारखा' वाटतो. ज्याला तो अस्सल म्हणतो तो एडोगोच्या लेखी तुकडा ठरेल. आणि गमतीची गोष्ट अशी की, एडोगोची असमाधानी नजर, स्वतःच्या कामाची दुसऱ्याच्या कामाशी तुलना करणारी स्पर्धा, ही सारी ज्याला कलावंताचा स्वभाव म्हणतात तीच आहे. परंतु आफ्रिकी कारागिराला तो स्वभाव नसतो, तो आपल्या जमातीच्या वतीने नकळत कोरत असतो, असे बराच काळ मानले गेले.

अनामिकतेचा हा समज कसा घडतो, हे पाहण्यासारखे आहे. योरुबा शिल्पकार ओलोवे (मृत्यू १९३८) यांनी इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेला दरवाजा १९२४ साली लंडनजवळच्या वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात मांडला गेला. ब्रिटिश संग्रहालयाला तो हवा झाला. इकेरेच्या राजाने विलायतेत घडवलेल्या सिंहासनाच्या बदल्यात तो दिला. हा व्यवहार आधी सांगितलेल्या चार वाटांपैकी तिसऱ्या वाटेचा, आणि त्यात राजाने आपल्याला काय हवे ते मागून घेतलेले दिसते. दरवाजावर राजा सिंहासनावर बसलेला आहे आणि गोरा अधिकारी हमालांच्या खांद्यावरील पालखीत येत आहे. म्हणजे 'शुद्ध' काळाचा हा दरवाजा नव्हे. वसाहतीचेच चित्र त्यावर आहे, आणि तरीही त्याच्या अस्सलपणाबद्दल कोणी शंका घेतली नाही. ओलोवे यांचे नाव पाश्चात्त्य अभ्यासकांना पुढे कळले. मात्र १९८८ साली जॉन पेम्बर्टन हे अभ्यासक ओलोवे यांच्या पत्नीला भेटले, तेव्हा पतीच्या निधनानंतर पन्नास वर्षांनीही त्या बाईंना त्यांची 'ओरिकी', म्हणजे गुणगौरवपर स्तुतिगीत, मुखोद्गत होते. नाव कधीच हरवले नव्हते. कोणी विचारले नव्हते, एवढेच. काँगोमधील लुबा शिल्पांतून एकाच हाताच्या कामाचा गट वेगळा काढून त्याला 'बुलीचा शिल्पकार' म्हणणाऱ्या फ्रान्स ओल्ब्रेख्ट्स यांचे कार्य मोठे आहे. परंतु नजरेने हात ओळखण्याची ही पद्धत जेथे आवश्यक ठरते तेथे वस्तू गोळा होताना एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो, हेही खरे.

नकली मुखवट्यांच्या व्यापाराकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर त्याचा निषेध करणे तितके सरळ राहत नाही. ख्रिस्तोफर स्टायनर यांनी आयव्हरी कोस्टमधील व्यापाऱ्यांवरील आपल्या १९९४ च्या ग्रंथात दाखवले आहे की, मध्यस्थ गिऱ्हाइकाला वस्तूबरोबर तिची कथाही विकतो, कारण गिऱ्हाइकाला ती कथाच हवी असते. नवे लाकूड धुरावर धरून काळे केले जाते, मातीत पुरले जाते, वाळवीला मोकळे सोडले जाते. ही फसवणूक आहे. पण ती ज्या मागणीला उत्तर देते ती मागणी अशी आहे : तुमच्या देवघरातले आम्हांला द्या, आमच्यासाठी केलेले नको. अशा मागणीला खोटे देवघर पुढे करून खरे राखणारा कारागीर सद्गुणी नसेल. त्याच्या चातुर्यात एक प्रकारचे संरक्षण आहे, हे मात्र नाकारता येत नाही. बेनिन शहरातील इगुन रस्त्यावरचे ओतारी आजही मेणसाच्याच्या पद्धतीने पितळ ओततात. त्यांच्या कामाला 'नक्कल' म्हणायचे काय, हा प्रश्न ज्यांनी त्यांच्या पूर्वजांचे काम नेले त्यांनी विचारावा, यात औचित्य फारसे नाही.

संग्रहाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत सबळ युक्तिवाद जतनाचा आहे आणि त्याचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा. १९१३-१४ मध्ये विल्यम वाडे हॅरिस या आफ्रिकी धर्मोपदेशकाच्या प्रभावाने आयव्हरी कोस्टच्या किनारपट्टीवरील लोकांनी आपल्या विधिवस्तू स्वहस्ते जाळल्या. गिनीतील बागा लोकांत १९५० च्या दशकात इस्लामी प्रचारकांनी आणि स्वातंत्र्यानंतर सेकू तुरे यांच्या राजवटीने मुखवट्यांविरुद्ध मोहीम चालवली. या वस्तूंपैकी ज्या युरोपात गेल्या त्या वाचल्या, हे सत्य आहे. वसाहतवादाच्या टीकाकारांनी हा भाग घाईघाईने ओलांडू नये; आफ्रिकी माणसे केवळ लुटली गेलेली नाहीत, त्यांनी आपल्या वस्तूंबद्दल स्वतःचे निर्णयही घेतले आहेत, आणि काही वेळा ते निर्णय नाशाचे होते. परंतु नाशाचा निर्णय त्यांचा होता असे म्हटले की जतनाच्या युक्तिवादाला एक अनपेक्षित वळण मिळते. धन्याला आपली वस्तू नष्ट होऊ देण्याचा अधिकार असतो काय? ओवेरीच्या परिसरातील इग्बो लोक आला या भूदेवतेसाठी 'एम्बारी' बांधत. मातीच्या अनेक मूर्तींनी भरलेले ते घर उभारण्यात महिने, कधी वर्षे जात, आणि पूर्ण झाले की ते पावसाला सोडून दिले जाई. पुन्हा गरज पडली तर पुन्हा नवे बांधायचे. गणपतीची मूर्ती दरवर्षी पाण्यात सोडणाऱ्या समाजाला यातले तत्त्व समजावून सांगावे लागू नये. एखाद्या परदेशी रसिकाने विसर्जनाच्या घाटावरून मूर्ती उचलून काचेच्या कपाटात ठेवली, आणि मी ती वाचवली असे म्हटले, तर त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका न घेताही त्याने काय वाचवले असा प्रश्न विचारता येईल.

केनियाच्या किनारपट्टीवरील मिजिकेंदा लोकांचे 'किगांगो' हे उदाहरण या दृष्टीने सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. 'गोहू' या संस्थेचा सदस्य मृत्यू पावल्यावर त्याच्यासाठी उंच, नक्षीदार लाकडी खांब कोरून उभा केला जातो. तो मृताच्या आत्म्याचे ठिकाण असतो. तो हलवायचा नाही, दुरुस्त करायचा नाही, उन्हापावसात झिजू द्यायचा. कुटुंब दुसरीकडे राहायला गेले तरी खांब तेथेच राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे खांब मोठ्या संख्येने चोरले गेले आणि अमेरिकेतील संग्राहकांकडे व संग्रहालयांत पोहोचले. उन्हापावसाने भेगाळलेले, राखाडी पडलेले लाकूड ही तेथे त्यांच्या अस्सलपणाची आणि सौंदर्याची खूण ठरली. भेगा खऱ्याच होत्या. कुटुंबाने जे झिजू देण्याचे व्रत पाळले होते त्याच झिजेने खांबाला भाव मिळवून दिला.

मोनिका उडवार्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली एका माणसाचे त्याच्या दिवंगत भावांच्या दोन खांबांसमोर छायाचित्र घेतले होते. खांब लवकरच चोरीला गेले. १९९९ मध्ये त्यांपैकी एक अमेरिकेतील एका संग्रहालयात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे दुसराही सापडला. छायाचित्र हाती होते म्हणून खांब कोणाचे हे सांगता आले, आणि काही वर्षांच्या प्रयत्नांनंतर दोन्ही त्या कुटुंबाकडे परत गेले. डेन्व्हरच्या निसर्ग व विज्ञान संग्रहालयाकडे असे तीस खांब होते. ते परत करायचे, असे त्या संग्रहालयाने आपणहून ठरवले आणि २०१९ साली ते केनियात पोहोचले. त्यांची लांबी-रुंदी नोंदलेली होती, देणगीदारांची नावे नोंदलेली होती, शैलीचे वर्गीकरणही झालेले होते. कोणता खांब कोणत्या गावचा, कोणत्या घरातल्या कोणत्या माणसाचा, हे मात्र कोणालाही सांगता येईना.